अंबेजोगाईचे गुलाब

कोकणस्थांच्या घरी लग्नकार्य उरकले, की नव्या जोडप्यास कुलदेवतेच्या पायांवर घालून आणण्याची गोष्ट निघते. आणि ज्या घराची कुलदेवता अंबेजोगाईची योगेश्वरी आहे, त्या घरी या गोष्टीबरोबर एक लहानसा वादही निघतो. समुद्रकाठच्या माणसांची देवी समुद्रापासून इतक्या लांब, बालाघाटाच्या डोंगरात कशी येऊन बसली, हा तो वाद. परळीच्या वैजनाथाशी देवीचे लग्न ठरले होते, वऱ्हाड निघाले, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, ही कथा प्रत्येक आजीने प्रत्येक नातवास सांगितलेली असते. तिने मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे आमच्या ध्यानात पन्नाशी उलटल्यावर आले. असो. देवी तेथे आहे आणि आपणांस जावयाचे आहे, एवढे खरे.

आमच्या पुतण्याचे लग्न २०१६ सालच्या माघात झाले. त्याची रजा, सूनबाईंची रजा आणि धाकट्या मुलांच्या परीक्षा हे सारे जुळता जुळता वैशाख उजाडला. "वैशाखात मराठवाड्यात? आणि तेही या वर्षी?" असे ज्याने त्याने विचारले, आणि ते विचारणे वावगे नव्हते. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला होता. मांजरा नदी बीड जिल्ह्यातच बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि केज तालुक्यात धनेगावापाशी तिच्यावर मोठे धरण आहे. लातुरास आणि अंबेजोगाईस पाणी पुरविणारे हे धरण त्या उन्हाळ्यात कोरडे पडले होते. लातुरास एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. ही हकीकत वर्तमानपत्रांतून सर्वांनीच वाचली असेल. अशा दिवसांत नऊ माणसांचा कबिला घेऊन दुसऱ्याच्या घरी उतरणे म्हणजे त्याच्या रांजणावर धाड घालणेच होय. म्हणून आमच्या थोरल्या वहिनींनी पिण्याच्या पाण्याचे चार मोठे कॅन मोटारीच्या टपावर बांधून घेतले. आणि त्यांच्या शेजारी एक रिकामी वेताची परडीही ठेवली.

परडीचे कारण असे. कित्येक वर्षांपूर्वी वहिनी मार्गशीर्षातील नवरात्रास अंबेजोगाईस गेल्या होत्या. योगेश्वरीचे नवरात्र आश्विनात तर असतेच, परंतु मार्गशीर्षातही असते आणि पौर्णिमेस त्याची सांगता होते. आमच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यात त्या उतरल्या, आणि परसात पाऊल टाकताच गुलाबांचा असा काही बहर त्यांनी पाहिला की पुढे घरात कोणीही गुलाबाचे नाव काढले की त्या "अंबेजोगाईस माईंचे गुलाब पाहा" म्हणून त्याचे तोंड बंद करीत. माई म्हणजे उपाध्यायांच्या मातोश्री. नव्या सुनेच्या हातून देवीस माईंच्या परसातील गुलाब वाहावयाचे, असा वहिनींनी मनाशी नेमच केला होता.

नगर सोडले (आताचे अहिल्यानगर), कडा आणि आष्टी मागे पडले, जामखेडावरून पुढे सौताड्याचा चढ लागला. पावसाळ्यात येथे विंचरणा नदी कड्यावरून उडी घेते आणि ते पाहावयास माणसांची रीघ लागते. वैशाखात तो कडा नुसता काळा ठिक्कर उभा होता. पुढे मांजरसुंब्यापर्यंत आणि तेथून केजेकडे जी वाट जाते, तिच्या दोहो अंगांस आम्हांस एकच झुडूप वारंवार दिसत होते, आणि ते मेले आहे अशी आमची समजूत झाली होती. करड्या काड्यांचा गुंता, पान म्हणून नाही. गाडी हाकणाऱ्या गृहस्थांनी सांगितले, "मेलं नाही साहेब, सीताफळ आहे. पाऊस पडला की बघा." बालाघाटाच्या सीताफळाची कीर्ती वाचकांस ठाऊक असेलच, बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. त्या निष्पर्ण काड्यांकडे पाहून हे कोणास खरे वाटले नसते. वाटेत एकदोन ठिकाणी चारा छावण्या लागल्या. गावोगाव टँकरपाशी घागरींच्या रांगा होत्या, आणि माणसांपेक्षा घागरीच अधिक होत्या. बायका सावलीस बसून आपापल्या घागरीवर नजर ठेवून होत्या. आमच्या टपावरील कॅनकडे लोक पाहत, तेव्हा आम्हांस उगाच चोरट्यासारखे वाटे.

उपाध्यायांचा वाडा जुन्या घडणीचा आहे. वर मातीचे माळवद, आत चौक, मागे परस; परसात कोरडा पडलेला आड आणि एक जुना कडुनिंब. हातपाय धुणे तांब्याभर पाण्यात उरकले. चहा झाला. वहिनींना धीर कसला! परडी घेऊन त्या परसात गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग आम्हीही.

परसात गुलाब होते. पण फूल एकही नव्हते. पूर्वेकडच्या भिंतीच्या पायथ्याशी सात कुंड्या गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या होत्या. त्यांवर तुराट्यांचा बुटका मांडव होता आणि त्यावर एक जुने धुवट लुगडे पसरलेले होते. खाली उसाच्या पाचटाची वीतभर जाड गादी. त्या गादीतून वर आलेल्या फांद्यांवर मोजकीच, जून झालेली, मळकट हिरवी पाने. माई खाली वाकून काहीतरी खुडीत होत्या. वहिनींनी जवळ जाऊन पाहिले, तो त्या कळ्या खुडीत होत्या! हरभऱ्याएवढ्या, घट्ट, हिरव्या कळ्या. अंगठा आणि तर्जनी यांत धरून पुटकन मोडायची आणि पदराच्या ओच्यात टाकायची.

"अहो माई, हे काय करता?" वहिनी जवळजवळ ओरडल्याच.

"फुलं हवीत होय तुम्हांला?" माई परडीकडे पाहून म्हणाल्या. "वैशाखात मागू नका. आत्ता त्याला फुलायला लावलं तर आषाढ बघणार नाही ते."

वहिनी रुसल्या नाहीत असे म्हणता येणार नाही. परंतु रात्री चौकात अंथरुणे पडल्यावर माईंनी जे सांगितले, ते ऐकून आमचा पुण्याचा सारा अनुभव एकाएकी उलगडला. आणि तो अनुभव सांगण्याजोगा नसला तरी सांगितला पाहिजे. आम्ही पुण्यास गच्चीवर गुलाब लावतो. दर दिवाळीस रोपवाटिकेतून मोठ्या हौसेने आणतो आणि दर ज्येष्ठात त्यांच्या काड्या टाकून देतो. प्लास्टिकच्या काळ्या कुंड्या, खाली सिमेंटची फरशी. दुपारी दोन वाजता कुंडीस हात लावला तर चटका बसतो. आत बिचाऱ्या मुळांचे काय होत असेल, याचा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता. झाड मलूल दिसले की आम्ही पाणी घालीत असू, तेही भर दुपारी. पुन्हा मलूल दिसले की युरिया घालीत असू. आणि एवढ्याने भागले नाही की, "छाटल्याने नवी फूट येते" असे कोणीसे सांगितलेले आठवून चैत्रातच कात्री चालवीत असू. नवी फूट येई हे खरे. तांबूस, कोवळी, लुसलुशीत फूट, आणि चार दिवसांत ती उन्हाने करपून काळी पडे. मग फांदी शेंड्याकडून वाळत खाली येई ती थेट मुळापर्यंत. या मरणास आम्ही कधी किडीचे, कधी मातीचे, कधी रोप विकणाऱ्याचे नाव देत आलो.

माईंचे म्हणणे असे, की गुलाबास वर्षातून एकदा निजावयास हवे. गुलाब हे मुळात थंड मुलखाचे झाड. विलायतेत हिवाळ्यात बर्फ पडते तेव्हा ते पाने टाकून झोपी जाते, आणि तेथील पुस्तके त्यास थंडीपासून कसे जपावे याविषयी पानेच्या पाने लिहितात. तीच पुस्तके आपल्याकडे आली, तीच पुष्कळांनी उतरून काढली, आणि वैशाखाविषयी त्यांत चार ओळींपलीकडे काही नव्हते. बालाघाटावर हिवाळा हाच गुलाबाचा ऐन भर. त्याचा झोपण्याचा काळ म्हणजे चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठाचा पहिला पंधरवडा. पारा चाळिशीच्या आसपास गेला की मुळांस पाणी ओढण्याचे आणि पानांस ते वाफ करून टाकण्याचे काम एकमेकांशी जुळेनासे होते. फूल आलेच तर बारीक येते, पाकळ्यांच्या कडा भाजतात, आणि झाडाची उरलीसुरली पुंजी त्यात खर्ची पडते. "सीताफळीला कोण पाणी घालतंय?" माई म्हणाल्या. "ती आपली आपण निजते. गुलाबाला ती अक्कल नाही. त्याला निजवावं लागतं." आम्हांस वाटेवरच्या त्या करड्या काड्या आठवल्या.

ही गोष्ट माईंना पुस्तकाने शिकविली नव्हती; परंतु पुस्तकांशी ती विसंगतही नाही. गव्हावरील तांबेऱ्याशी ज्यांनी आयुष्यभर झुंज दिली ते थोर कृषिशास्त्रज्ञ बेंजामिन पिअरी पाल हे गुलाबाचेही मोठे जाणते होते. दिल्लीच्या उन्हाळ्यात टिकाव धरतील असे गुलाब त्यांनी स्वतः तयार केले आणि हिंदुस्थानातील गुलाबावर १९६६ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या हवेचे गुलाबशास्त्र निराळे असले पाहिजे, हे ध्यानात घेऊन लिहिणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचास आम्ही उठून माईंची दिनचर्या पाहिली. पाणी घालावयाचे ते याच वेळी; माती रात्रभर निवलेली असते आणि ऊन चढेपर्यंत झाडास पोटभर पिण्यास अवधी मिळतो. कुंडीस एक तांब्या, तोही एकाआड एक दिवस. पण त्याआधी पाचट बाजूस सारून बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहावयाची. ओल लागली तर तांब्या पुढे सरकतो. वरवर शिंपडलेले पाणी मुळांस वर बोलावते आणि वर आलेली मुळे भाजतात, म्हणून घालावयाचे ते सावकाश आणि खोलवर मुरेल असे.

कुंड्या सगळ्या भाजलेल्या मातीच्या. दोन तर कुंड्याही नव्हेत, फुटके रांजण होते. मातीचे भांडे झिरपते, झिरपल्याने गार राहते, हे आपण माठावरून जाणतोच. कुंडीसही तोच न्याय. शिवाय ती जमिनीत पुरली की चारी बाजूंनी माती तिचे रक्षण करते. ज्यांना परस नाही, त्यांनी मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधली जागा वाळूने भरावी आणि वाळू ओली ठेवावी, अशी तोड माईंनी वहिनींस सांगितली. कुंड्या गच्चीवर एकेकट्या शिपायांसारख्या उभ्या न करता दाटीने ठेवाव्यात, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते. पूर्वेचे ऊन नऊ-दहापर्यंत खुशाल लागू द्यावे, त्यापुढचे नको. पाने गळत नसतील तर एकही काढू नये, जून पान हीच फांदीची छत्री होय. कात्रीस हात लावावयाचा तो मेलेली फांदी काढण्यापुरता. आणि खत? "आजाऱ्याला लाडू चारता का?" एवढेच माईंनी विचारले.

जमिनीत लावलेले चार गुलाब होते, ते आडाजवळ. हे गावठी, ज्यास सगळे एडवर्ड म्हणतात ते. पाकळ्या सैल, रंग गडद गुलाबी, वास मात्र असा की गुलकंदास दुसरे फूल चालत नाही. हे नाव इंग्लंडच्या एडवर्ड बादशहावरून पडले असावे, अशी आमचीही समजूत होती. खरे पाहता तो हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरचा, त्या काळच्या बूर्बाँ बेटावरचा, 'रोझ एदुआर'. चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब यांच्या आपसूक झालेल्या संकरातून तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आला, आणि आपल्या देशात इतका रुजला की त्यास गावठी म्हणू लागले. त्याच्याइतके ऊन सोसणारे झाड बाजारातील दिमाखदार गुलाबांत क्वचितच आढळते. माईंच्या एका कुंडीत ग्लॅडिएटर होता. त्याचा डोळा भरलेला भाग त्या वर्षी वाळून गेला होता आणि खालच्या रानटी खुंटाची फूट तेवढी तरारलेली होती. ती उपटून टाकावी असे शास्त्र सांगते. माईंनी ती ठेवली होती. पाऊस पडल्यावर तिच्यावर पुन्हा डोळा भरावयाचा त्यांचा विचार होता.

या चार गुलाबांच्या मधोमध एक मडके गळ्यापर्यंत पुरलेले होते, वर पणतीचे झाकण. मडक्यात तीन-चार दिवसांनी एकदा पाणी भरावयाचे. माती कोरडी झाली की मडके पाझरते, माती भिजली की पाझर मंदावतो. तहान असेल तेवढेच पाणी झाड घेते आणि उन्हास त्यातील थेंब मिळत नाही. चीन देशात दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतीग्रंथात ही रीत लिहून ठेवलेली आहे. माईंना ती त्यांच्या सासूबाईंनी शिकविली. मडक्याची छिद्रे पाण्यातील चुन्याने बुजली की ते चिंचेच्या कोळाने घासावयाचे. बोअरच्या जड पाण्याचा हा त्रास त्या मुलखात सर्वत्र आहे. त्याने पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, कारण चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांस ते घेता येत नाही. पावसाळा लागला की माई जुन्या शेणखतात चिमूटभर हिराकस मुरवून घालतात.

लाल कोळ्याची गोष्ट तर आम्ही कधी विसरणार नाही. कोरड्या उन्हाळ्यात ही डोळ्यांस जेमतेम दिसणारी कीड पानांच्या पाठीस लागते आणि पान धूळ बसल्यासारखे, तांबूस होते. पाण्याचा जोराचा फवारा पानाखालून मारला की ती जाते; पण फवाऱ्यास पाणी कोठून आणावयाचे? माईंची नातवंडे दुपारी ओसरीवर बसून, ओल्या फडक्याने एकेक पान पालथे करून पुसत होती. शंभर पाने पुसली की एक बत्तासा, असा दर ठरला होता. आमची मुले त्यात तत्काळ सामील झाली.

याच वेळी आमच्या धाकट्या चिरंजीवांनी तो प्रश्न विचारला. ते अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतात आणि त्यांची जीभ वयाप्रमाणे तिखट आहे. "आजी, बाहेर बायका टँकरपाशी दोन दोन तास उभ्या आहेत. आणि आपण गुलाबाला पाणी घालायचं?" ओसरीवर सारे गप्प झाले. आम्हांस लाजल्यासारखे झाले. परंतु खरे सांगावयाचे तर परसात पाऊल टाकल्यापासून हा प्रश्न आमच्याही मनात होता, विचारण्याचे धैर्य मात्र नव्हते.

माई रागावल्या नाहीत. "बरोबर विचारलंस बाळ," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी माझ्या सव्वीस कुंड्या होत्या. दिवाळीला पाहिलं, आडाचं पाणी तळाला गेलं. तेव्हाच ठरवलं, सातच ठेवायच्या. बाकीच्यांचं पाणी तोडलं. एकोणीस झाडं डोळ्यांदेखत वाळू दिली. दोन तर सासूबाईंच्या हातची होती." मग त्यांनी पाण्याचा हिशेब सांगितला. रांजणातील एक थेंबही गुलाबास नाही. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले, देवांच्या स्नानाचे, असे दिवसाकाठी जे साठेल तेवढेच. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडते, तेही थोरल्या मुलाच्या सांगण्यावरून त्यांनी महिनाभर घालून पाहिले होते. त्यात क्षार इतके दाटतात की पानांच्या कडा करपल्या. तेव्हापासून ते फरशी पुसण्याकडे गेले. साबणाचे पाणीही वर्ज्य. पाहुणे आले की तांदूळ अधिक धुतले जातात, "म्हणजे तुम्ही आलात तर झाडांची चैनच झाली," असे म्हणून त्या हसल्या. चिरंजीव हसले नाहीत. त्यांचे समाधान झाले असे आम्हांस वाटले नाही, आणि व्हावयास हवे होते असेही वाटले नाही.

तेवढ्यात त्यांची नजर भिंतीच्या टोकाशी असलेल्या एका डब्याकडे गेली. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा, भोवती गोणपाट गुंडाळलेले आणि ते ओले. त्यात एडवर्डचे एक रोप होते. "हे आठवं. सात म्हणालात ना?"

"ते माझं नाही," माई म्हणाल्या.

भांडी घासावयास येणाऱ्या बाईंचे ते होते. वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल, की बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाडवा-अक्षय्यतृतीयेच्या सुमारास परततात. या बाई नवऱ्यासह दर वर्षी जात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी माईंच्या छाटणीतील एक काडी मागून नेली होती, ती लागली. जाताना डबा माईंच्या परसात ठेवून जावयाचा, परत आल्यावर तो येथेच राहू देऊन माईंच्या सगळ्या झाडांचे पाणी आपण पाहावयाचे, असा दोघींचा करार होता. एकोणीस कुंड्यांचे पाणी तोडले तेव्हा या डब्याचे तोडले नव्हते. कारण आम्ही विचारले नाही. चिरंजीव उठले, ओले फडके घेतले आणि त्या डब्यातील पाने पुसू लागले.

दुसऱ्या सकाळी देवीच्या पूजेस वहिनींनी परडी घेतलीच. तिच्यात माईंनी खुडलेल्या हिरव्या कळ्या होत्या, मूठभर. नव्या सूनबाईंनी त्या देवीपुढे ठेवल्या.

त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस पावसाने सारी कसर भरून काढली. मांजरेच्या धरणात पाणी आल्याचे वाचले, त्याच दिवशी वहिनींनी मार्गशीर्षातील नवरात्राची तारीख काढली. या खेपेस आम्ही वाट वाकडी करून आधी बीडास गेलो, कारण खजाना बावडी पाहावयाची राहिली होती. बीड गावाच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर ही विहीर आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मूर्तजा निजामशहाच्या अमदानीत, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. अहमदनगरच्या फराहबागेच्या बांधकामाशीही याच सलाबतखानाचे नाव निगडित आहे, तेव्हा बागांचा त्यास नाद असावा. खजिना सारा विहिरीत घातला म्हणून तिचे नाव खजाना, असे लोक सांगतात. तीत जमिनीखालून खोदलेल्या दोन बोगद्यांनी पाणी येते आणि तिसऱ्याने बाहेर पडून बालगुजार नावाच्या भागातील जमीन भिजविते. ना मोट, ना रहाट, ना यंत्र. नुसत्या उताराने पाणी वाहते, आणि मुख्य म्हणजे अंधारातून वाहते. बोगद्याच्या तोंडाशी वाकून तो थंडगार वारा तोंडावर घेताना आमच्या मंडळींना एकदम माईंचे पुरलेले मडके आठवले. त्या बोलून गेल्या आणि आम्हांस आपणच ते आधी का बोललो नाही याची चुटपुट लागली.

अंबेजोगाईस पोहोचलो तो दिवस कलला होता. कोजागरी उलटली की माई छाटणी करतात. तेथून साताआठ आठवड्यांत फूल येते, आणि तो हिशेब मार्गशीर्षाच्या पौर्णिमेवर बरोबर उतरतो. लुगड्याचा आणि तुराट्यांचा मांडव निघाला होता, कुंड्या जमिनीबाहेर काढून नव्या मातीने भरल्या होत्या, आणि एक सोडून साऱ्या फुललेल्या होत्या. आडाजवळचे एडवर्ड तर ओळखू येत नव्हते. ग्लॅडिएटरच्या खुंटावर भरलेला डोळा लागला होता. त्यास अजून फूल नव्हते, पण बोटभर तांबडी फूट होती. वहिनींची परडी भरावयास वेळ लागला नाही.

भिंतीच्या टोकाशी तो पत्र्याचा डबा होता. त्यावर एकच फूल होते, पण पूर्ण उमललेले, आणि त्याचा वास परसाच्या दारापर्यंत येत होता. सूनबाईंनी तिकडे हात नेला, तेव्हा माई म्हणाल्या, "ते राहू दे. ती उसाला गेली आहे." मग थोरल्या नातीस हाक मारून त्यांनी त्या फुलाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढविले आणि बाईंच्या नवऱ्याच्या क्रमांकावर पाठविले. रात्री जेवणे झाली तरी उत्तर नव्हते. उसाच्या फडात दिवस उगवण्यापूर्वी सुरू होतो आणि भ्रमणध्वनीस वीज मिळेलच असेही नाही.

पौर्णिमेच्या पहाटे आम्ही देवळात जावयास निघालो होतो, तेव्हा माईंच्या खोलीत घंटी वाजली. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता आणि बाई मोठ्याने बोलत होत्या. "माई, फूल सुकवू नका. माझ्या नावानं आईला घाला."

माईंनी नातीस कात्री आणावयास सांगितले.